मेल ब्राउझरमध्ये पाहायचे की डेस्कटॉप प्रोग्रॅममध्ये: निवड, जोडणी आणि बॅकअप

ब्राउझरमध्ये जीमेल किंवा आउटलुक उघडून मेल पाहणाऱ्याला वेगळा डेस्कटॉप प्रोग्रॅम कशाला हवा, हा प्रश्न रास्त आहे. वेबमेलला काही इन्स्टॉल करावं लागत नाही, ते कोणत्याही कॉम्प्युटरवर चालतं आणि दहा वर्षांपूर्वीचा मेलही क्षणात सापडतो. खातं एकच असेल, दिवसाला पाच-दहा मेल येत असतील आणि इंटरनेट कायम चालू असेल, तर ब्राउझर सोडू नका. या लेखातला बॅकअपचा भाग तेवढा वाचा.

डेस्कटॉप प्रोग्रॅम उपयोगी पडतो तो तीन-चार खाती एकत्र हाताळताना, नेट नसताना जुने मेल चाळताना आणि पत्रव्यवहार हाच कामाचा पुरावा असतो तेव्हा. यातलं शेवटचं कारण आम्हाला सगळ्यात मोठं वाटतं. नुसत्या ब्राउझरवर काम करणाऱ्याकडे स्वतःच्या मेलची एकही प्रत नसते. खातं लॉक झालं किंवा पासवर्ड चोरून कुणी सगळं उडवलं, तर हातात काहीच उरत नाही. गूगलच्या नियमानुसार दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं आतल्या मजकुरासकट काढून टाकलं जाऊ शकतं. तेव्हा कोणता प्रोग्रॅम देखणा आहे हे नंतर बघू. आधी बघायचं ते हे, की आपल्या मेलची दुसरी प्रत कुठे आहे.

## पॉप की आयमॅप

डेस्कटॉप प्रोग्रॅम सर्व्हरवरून मेल आणतो तो सहसा दोनपैकी एका पद्धतीने. पॉप ही पद्धत १९८४ची आहे. मेल उतरवून घ्यायचे आणि सर्व्हरवरून काढून टाकायचे, हा तिचा मूळ स्वभाव. एक माणूस, एक कॉम्प्युटर अशा काळात ते ठीक होतं. आज तेच मेल फोनवरही हवे असतात आणि पॉपला वाचलेलं-न वाचलेलं, फोल्डर, पाठवलेले मेल यातलं काहीच सर्व्हरला कळवता येत नाही. आयमॅपमध्ये मूळ संग्रह सर्व्हरवर राहतो आणि कॉम्प्युटरवर त्याचं प्रतिबिंब असतं. एका ठिकाणी मेल वाचला की तो सगळीकडे वाचलेला दिसतो.

रोजच्या वापरासाठी आयमॅपच घ्या. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा: आयमॅप म्हणजे बॅकअप नव्हे. फोनवर चुकून एक फोल्डर उडवला, तर पुढच्या सिंकला (सर्व्हरशी जुळवणी होताना) तो कॉम्प्युटरवरूनही जातो. प्रतिबिंबाचा धर्मच तो.

## कोणता प्रोग्रॅम

थंडरबर्ड मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो आणि मेल खुल्या स्वरूपात साठवतो. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यालाच धरून दिल्या आहेत. मॅकवर ॲपल मेल आधीपासून असतो आणि साध्या वापराला पुरतो. लिनक्सवर इव्होल्यूशन आणि केमेल आहेत.

आउटलुकच्या बाबतीत जरा थांबून पाहा, कारण एकाच नावाचे दोन वेगळे प्रोग्रॅम चालू आहेत. क्लासिक आउटलुक मेल तुमच्या डिस्कवर पीएसटी किंवा ओएसटी फाइलमध्ये ठेवतो. या फाइलची ठरलेली कमाल मर्यादा ५० जीबी असते. विंडोजसाठीचं नवं आउटलुक मात्र वेबच्या तंत्रावर बांधलेलं आहे. त्यात जीमेल किंवा दुसरं आयमॅप खातं जोडलं, तर त्या मेलची प्रत मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर जाते. ज्याला मेल फक्त स्वतःच्या डिस्कवर आणि मूळ सर्व्हरवरच हवेत, त्याने हे जोडणीच्या आधी ध्यानात घ्यावं. विंडोजसोबत येणारा जुना मेल ॲप २०२४च्या अखेरीस बंद झाला, त्यामुळे त्याचे वापरकर्ते नकळत याच नव्या आउटलुकवर येऊन पोचतात.

प्रोटॉन मेल ही एन्क्रिप्टेड मेल सेवा वापरत असाल तर डेस्कटॉप प्रोग्रॅम थेट जोडला जात नाही. त्यासाठी ब्रिज नावाचा वेगळा प्रोग्रॅम लागतो आणि तो पैसे भरणाऱ्या ग्राहकांनाच मिळतो. टूटा ही तशीच दुसरी सेवा आयमॅप देतच नाही.

## जोडणीच्या आधी ब्राउझरमध्ये करायची कामं

पहिलं काम साफसफाई. जीमेलच्या शोधपट्टीच्या उजव्या टोकाला असलेल्या चिन्हावर क्लिक केलं की तपशीलवार शोधाचा फॉर्म उघडतो. आकाराच्या रकान्यात १० एमबीपेक्षा जास्त असं भरून शोधा, आणि नको असलेले जडशीळ मेल काढून टाका. मग ट्रॅश आणि स्पॅम रिकामे करा. इथली अर्धा तासाची मेहनत पुढे डाउनलोडचे कित्येक तास वाचवते. जीमेलची १५ जीबी जागा ड्राइव्ह आणि फोटोंसोबत वाटून घेतलेली असते, त्यामुळे त्यातले मेल किती आहेत हे खात्याच्या स्टोरेज पानावर वेगळं बघून घ्या. डिस्कवर त्याच्या निदान दुप्पट जागा मोकळी असू द्या.

दुसरं काम लॉगिनचं. नुसता नेहमीचा पासवर्ड टाकून मेल प्रोग्रॅम जोडण्याचे दिवस मोठ्या कंपन्यांनी संपवले आहेत. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ते २०२२मध्ये थांबवलं, मायक्रोसॉफ्टने वैयक्तिक आउटलुक खात्यांसाठी सप्टेंबर २०२४मध्ये. आता ओऑथ२ पद्धत चालते. त्यात प्रोग्रॅम एक छोटी खिडकी उघडतो, तुम्ही तिथे कंपनीच्या पानावर लॉगिन करता आणि प्रोग्रॅमला पासवर्डऐवजी परवानगीची किल्ली मिळते. जुना प्रोग्रॅम ओऑथ२ ओळखत नसेल तर जीमेलमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड काढता येतो. आउटलुक डॉट कॉमच्या सेटिंगमध्ये पॉप आणि आयमॅपची परवानगी मुळात बंद असते. ती आधी चालू करा, नाहीतर अचूक पासवर्ड टाकूनही जोडणी नाकारली जाईल.

## जोडणी, पायरी पायरीने

१. थंडरबर्ड उघडून नवं खातं जोडा. नाव आणि पूर्ण ईमेल पत्ता भरा. प्रोग्रॅम सर्व्हरची माहिती स्वतः शोधतो.

२. पर्याय विचारला तर आयमॅप निवडा, आणि पुढे जाण्याआधी मॅन्युअल सेटिंग उघडून आकडे तपासा. येणाऱ्या मेलचा पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा क्रमांक) ९९३, सुरक्षा (जोडणी एन्क्रिप्ट करण्याची पद्धत) एसएसएल/टीएलएस. जाणाऱ्या मेलचा पोर्ट ४६५ असेल तर एसएसएल/टीएलएस, ५८७ असेल तर स्टार्टटीएलएस. ही जोडी उलटसुलट झाली की प्रोग्रॅम बराच वेळ फिरत राहतो आणि शेवटी टाइमआउट दाखवतो. पोर्ट २५ वापरू नका. तो सर्व्हर-सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीचा आहे आणि बहुतेक इंटरनेट कंपन्या तो अडवतात.

३. जीमेल, आउटलुकसाठी ऑथेंटिकेशनच्या रकान्यात ओऑथ२ निवडा. लॉगिनची खिडकी उघडून लगेच मिटत असेल किंवा कोरी राहत असेल, तर थंडरबर्डच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कुकीज बंद आहेत का ते बघा. कुकीजशिवाय ओऑथ२ पूर्ण होत नाही.

४. खातं जोडलं गेलं की 'अकाउंट सेटिंग्ज'मध्ये 'सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज' उघडा. खात्याचे मेल या कॉम्प्युटरवर ठेवा, अशा अर्थाची खूण असू द्या. तिथेच मर्यादाही घालता येते, जसं फक्त अलीकडच्या अमुक दिवसांचे मेल. लॅपटॉपची डिस्क लहान असेल तर वर्षभराचे पुरेत, पण त्याच कॉम्प्युटरवरून बॅकअप घ्यायचा असेल तर सगळे उतरवा.

५. पहिला सिंक रात्रभर चालू ठेवा. गूगल आयमॅपवरून दिवसाला २५०० एमबीपर्यंतच डाउनलोड करू देतं. मेलबॉक्स १० जीबीचा असेल तर पूर्ण प्रत उतरायला चार दिवस धरून चाला. मधेच अडलं म्हणून खातं काढून पुन्हा जोडलं, तर सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

## जीमेलची लेबलं: इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो

जीमेलमध्ये फोल्डर नसतात, लेबलं असतात. एका मेलला तीन लेबलं लावली असतील तर आयमॅपमधून तो तीन फोल्डरमध्ये दिसतो आणि शिवाय 'ऑल मेल'मध्ये चौथ्यांदा. शोध घेतला की एकच मेल चार-चारदा येतो आणि डाउनलोडही विनाकारण वाढतो.

यावर दोन मार्ग आहेत. तुम्ही मेल 'आर्काइव्ह' करत नसाल, म्हणजे प्रत्येक मेल इनबॉक्समध्ये किंवा कोणत्या तरी लेबलखाली असेल, तर ब्राउझरमध्ये जीमेलच्या सेटिंगमधल्या 'लेबल्स' पानावर जा आणि 'ऑल मेल'पुढची 'शो इन आयमॅप' ही खूण काढा. पण वाचून झालं की आर्काइव्ह करण्याची सवय असेल, तर हे करू नका. आर्काइव्ह केलेला, लेबल नसलेला मेल फक्त 'ऑल मेल'मध्येच असतो. तो फोल्डर लपवला की असे सगळे मेल डेस्कटॉपवरून अदृश्य होतात. अशा वेळी 'ऑल मेल' ठेवा आणि 'सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज'मधल्या 'ॲडव्हान्स्ड' बटणातून इतर लेबलांचं ऑफलाइन डाउनलोड बंद करा. ते मेल दिसत राहतात, फक्त त्यांच्या जास्तीच्या प्रती उतरत नाहीत.

डिलीटचंही असंच. जीमेलच्या फोल्डरमधून मेल उडवला तर कधी कधी नुसतं लेबल निघतं आणि मेल 'ऑल मेल'मध्ये तसाच राहतो. 'सर्व्हर सेटिंग्ज'मध्ये डिलीट केलेले मेल जीमेलच्याच ट्रॅश फोल्डरमध्ये जातील असं ठरवून द्या.

## पाठवलेला मेल कुठे जातो

डेस्कटॉप प्रोग्रॅम मेल पाठवतो तेव्हा दोन स्वतंत्र कामं होतात. आधी एसएमटीपीने (मेल पाठवण्याच्या पद्धतीने) मेल रवाना होतो आणि मग आयमॅपने त्याची प्रत 'सेंट' फोल्डरमध्ये चढवली जाते. १५ एमबीचं अटॅचमेंट असेल तर ते दोनदा अपलोड होतं. धीम्या नेटवर पहिलं काम होतं आणि दुसरं फसतं. पडद्यावर येणारा संदेश नीट वाचला नाही तर मेल गेलाच नाही असं वाटतं, आणि समोरच्याला तोच मेल दोन-तीनदा जातो. प्रत ठेवता आली नाही असा संदेश आला की पुन्हा पाठवू नका. प्रत 'लोकल फोल्डर्स'मध्ये (फक्त कॉम्प्युटरवर असणाऱ्या फोल्डरांत) ठेवण्याचा पर्याय मिळतो, तो घ्या.

जीमेलचा सर्व्हर पाठवलेल्या मेलची प्रत स्वतःच ठेवतो, तसे आणखीही काही सर्व्हर ठेवतात. तिथे प्रोग्रॅमनेही प्रत चढवली तर सेंटमध्ये दोन-दोन दिसतात. म्हणून नवं खातं जोडलं की एक चाचणी कराच: स्वतःलाच एक मेल पाठवा आणि ब्राउझरमध्ये सेंट फोल्डर उघडून मोजा. दोन प्रती दिसल्या तर 'कॉपीज अँड फोल्डर्स'मधली प्रत ठेवण्याची खूण काढा. एकही दिसली नाही तर प्रत कॉम्प्युटरवरच्या स्थानिक फोल्डरमध्ये जात असणार. तिथे त्या खात्याचा सेंट फोल्डर निवडा. ड्राफ्टचंही याच पानावर तपासा.

अनेक खाती असतील तर प्रत्येकाला त्याचाच आउटगोइंग सर्व्हर जोडलेला आहे ना, हे पाहा. एका खात्याच्या पत्त्यावरून पाठवलेला मेल दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरमधून गेला, तर एसपीएफ आणि डीमार्कच्या तपासणीत (मेल त्या पत्त्याच्या अधिकृत सर्व्हरवरूनच आला का, हे पाहणाऱ्या) तो संशयास्पद ठरतो आणि समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतो. 'माझे मेल हल्ली पोचत नाहीत' या तक्रारीत आधी हेच बघावं.

अटॅचमेंटच्या आकाराचं एक गणित आहे. मेलमधून फाइल जाते ती बेस-६४ या स्वरूपात, ज्यात ३ बाइटचे ४ होतात. म्हणजे फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते. सर्व्हरची मर्यादा २५ एमबी असली तरी १८ एमबीच्या पुढची फाइल डेस्कटॉपवरून अडकू शकते. जीमेल ब्राउझरमध्ये मोठी फाइल आपोआप ड्राइव्हची लिंक करून पाठवतो; डेस्कटॉपवर ती सोय वेगळी जोडावी लागते.

## नवे मेल उशिरा का दिसतात

आयमॅपमध्ये आयडल नावाची सोय आहे. प्रोग्रॅम सर्व्हरशी जोडणी उघडी ठेवतो आणि मेल येताच सर्व्हर कळवतो. पण काही राउटर शांत पडलेली जोडणी काही मिनिटांनी गुपचूप तोडतात आणि प्रोग्रॅमला ते कळत नाही. म्हणून 'सर्व्हर सेटिंग्ज'मध्ये दर १० मिनिटांनी मेल तपासण्याची खूणही असू द्या.

शिवाय प्रोग्रॅम मुख्यतः इनबॉक्सवर लक्ष ठेवतो. सर्व्हरवरच्या फिल्टरने मेल परस्पर दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकला, तर तो फोल्डर उघडेपर्यंत पत्ता लागत नाही. त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये मेल आणताना हाही नेहमी तपासा, अशी खूण आहे, ती करा.

जोडण्या फार झाल्याचा संदेश येत असेल तर कारण साधं आहे. जीमेल एका खात्याला एका वेळी १५ आयमॅप जोडण्या देतं. थंडरबर्ड एकटाच ५ घेऊ शकतो, त्यात फोन, टॅबलेट आणि ऑफिसचा कॉम्प्युटर आले की आकडा भरतो. 'सर्व्हर सेटिंग्ज'च्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये थंडरबर्डच्या जोडण्यांचा आकडा २ करा.

## ब्राउझरमध्येच ठेवायची कामं

फिल्टर सर्व्हरवर, म्हणजे वेबमेलमध्येच बनवा. डेस्कटॉपवरचा फिल्टर कॉम्प्युटर चालू असतानाच काम करतो. तोवर फोनवर सगळा पसारा तसाच दिसतो. सुट्टीचं आपोआप उत्तर, पासवर्ड, टू-स्टेप आणि स्पॅममध्ये अडकलेल्या मेलची चाचपणी हेही तिथेच. महिन्यातून एकदा जीमेलच्या इनबॉक्समध्ये अगदी तळाशी उजवीकडे 'डीटेल्स' उघडा. कोणत्या ठिकाणाहून, कशातून खातं उघडलं गेलं ते दिसतं आणि अनोळखी नोंद दिसली तर बाकीची सगळी सेशन्स तिथूनच बंद करता येतात.

नेट जाण्याची भीती एवढंच कारण असेल तर डेस्कटॉप प्रोग्रॅमची गरजही नाही. क्रोममध्ये जीमेलचा ऑफलाइन मोड ७, ३० किंवा ९० दिवसांचे मेल साठवून ठेवतो. मात्र दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तो कधीही चालू करू नका.

## बॅकअप

थंडरबर्डमध्ये 'लोकल फोल्डर्स'खाली वर्षाच्या नावाचे फोल्डर बनवा. इनबॉक्समधले त्या वर्षाचे मेल निवडून 'कॉपी टू' करा. 'मूव्ह टू' केलंत तर ते सर्व्हरवरून आणि फोनवरूनही जातील. एका वेळी हजारभर मेल घ्या. पन्नास हजार एकदम घेतले तर प्रोग्रॅम मधेच गोठतो आणि कुठवर आलं ते कळत नाही. सेंट फोल्डर विसरू नका. वादाच्या वेळी आपण काय लिहिलं होतं, हेच आधी शोधावं लागतं.

मग प्रोग्रॅम पूर्ण बंद करून प्रोफाइल फोल्डर (थंडरबर्ड आपले मेल आणि सेटिंग ज्यात ठेवतो तो) बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. तो सापडतो 'हेल्प'मधल्या 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन'मध्ये, 'प्रोफाइल फोल्डर'च्या ओळीत. प्रोग्रॅम चालू असताना कॉपी घेतली तर फाइल अर्धवट अवस्थेत उचलली जाऊ शकते. थंडरबर्डचा स्वतःचा 'एक्स्पोर्ट' २ जीबीपेक्षा मोठं प्रोफाइल बांधू शकत नाही, तेव्हा हाताने कॉपी करणंच बरं. एक फोल्डर म्हणजे एक एमबॉक्स फाइल (सगळे मेल एकापुढे एक ठेवणारी) असा थंडरबर्डचा मूळ हिशोब असतो आणि पेन ड्राइव्ह बऱ्याचदा एफएटी३२ असतो, ज्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस असू द्या. मेल वर्षावार विभागले असतील तर ही अडचण मुळात येतच नाही.

याच एमबॉक्स स्वरूपामुळे डिलीट केलेला मेल फाइलमधून लगेच निघत नाही, त्यावर फक्त खूण होते. 'कॉम्पॅक्ट' केल्यावरच जागा सुटते. उलट बाजूने, अँटिव्हायरसला एका मेलमध्ये काही सापडलं आणि त्याने फाइल उचलून क्वारंटाइनमध्ये टाकली, तर अख्खा इनबॉक्स एका झटक्यात रिकामा दिसतो. आयमॅपमध्ये तो पुन्हा उतरतो, पण 'लोकल फोल्डर्स'मधला गेला तर गेलाच. अँटिव्हायरसच्या तपासणीतून प्रोफाइल फोल्डर वगळा आणि येणारे मेल एकेक करून तपासू देण्याची थंडरबर्डच्या सुरक्षा सेटिंगमधली खूण चालू करा.

फक्त ब्राउझर वापरणाऱ्यांसाठी गूगल टेकआउट, म्हणजे खात्यातला डेटा उतरवून घेण्याची गूगलची सोय, आहे. फक्त मेल निवडा. काही तासांनी किंवा दिवसांनी एमबॉक्स फाइलची लिंक येते. ती मुदतीत उतरवून घ्या आणि एकदा थंडरबर्डमध्ये इंपोर्ट एक्स्पोर्ट टूल्स एनजी या ॲड-ऑनने उघडून पाहा. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर भिस्त ठेवू नये.

## डिस्कवरच्या मेलची राखण

डेस्कटॉपवर मेल आले म्हणजे राखण करण्याची जबाबदारीही आपली झाली. प्रोफाइलमधले मेल साध्या मजकुरासारखे वाचता येतात. बिटलॉकर (विंडोज) किंवा फाइलव्हॉल्ट (मॅक) वापरून डिस्क एन्क्रिप्ट करा आणि थंडरबर्डमध्ये 'प्रायमरी पासवर्ड' घाला. त्याने साठवलेले पासवर्ड सुरक्षित होतात. मेल सुरक्षित होतात ते डिस्कच्या एन्क्रिप्शननेच. मेलमधली बाहेरची चित्रं थंडरबर्ड मुळातच अडवतो, तसंच राहू द्या. ती उघडली की तुम्ही मेल कधी पाहिला हे पाठवणाऱ्याला कळतं.

## नव्या कॉम्प्युटरवर जाताना

नव्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड टाका, एकदा उघडून बंद करा आणि त्याच्या प्रोफाइल फोल्डरमध्ये जुन्या प्रोफाइलचा सगळा मजकूर कॉपी करा. नव्या ठिकाणचं व्हर्जन जुन्यापेक्षा जुनं नसावं, नाहीतर प्रोग्रॅम ते प्रोफाइल उघडायला नकार देतो. एखादा फोल्डर रिकामा दिसला तर घाबरू नका. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रिपेअर फोल्डर' दाबलं की सूची नव्याने तयार होते. पाठवणं-येणं तपासून झालं, 'लोकल फोल्डर्स'मधले आकडे जुन्याशी जुळले, की गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्यातल्या सुरक्षा पानावर जाऊन जुन्या कॉम्प्युटरला दिलेली परवानगी काढा, ॲप पासवर्ड वापरला असेल तर तोही रद्द करा, आणि मगच जुनी डिस्क पुसायला घ्या.